घरातली हत्यारं कमी करायची आहेत: कोणती ठेवावी, कोणती काढावी? (ठाणे / नवी मुंबई)

खाडीकिनारी

नौपाड्यातलं घर सोडून खारघरला बिऱ्हाड हलतंय. त्याआधी हत्यारांचा पसारा आवरायचा आहे. सध्याची यादी:

वडिलांच्या परवान्यावर (वय ७४) विलायती १२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) दुनळी, साधारण १९३० च्या आसपासची, आणि ईशापूरची .३१५ रायफल. आईच्या परवान्यावर (वय ७१) कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर आणि देशी बनावटीची १२ बोअर एकनळी. माणगावजवळ गावी चुलत्यांच्या नावाने शेतीसंरक्षणाची ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक. शिवाय बिनपरवान्याच्या दोन एअर रायफली.

आईवडील दोघांनाही आता ही जबाबदारी नको आहे. माझ्या नावावर एक, फार तर दोन साधी, सहज सांभाळता येतील अशी हत्यारं राहावीत असा विचार आहे. शिकारीचा प्रश्नच नाही. निवड कशी करावी आणि कागदपत्रांचा क्रम काय असावा?

परवाना_फाइल

आधी चौकट, मग आवडनिवड. १४ डिसेंबर २०१९ पासून एका परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. वारसाहक्काने येणारी त्याच दोनात धरली जातात. ‘आजोबांची आहे, तिला सूट असेल’ असं काही नाही. म्हणजे चारही तुमच्या नावावर येऊच शकत नाहीत. दोन जाणार हे ठरलेलं आहे, कोणती एवढंच तुम्ही ठरवायचं.

जमेची बाजू म्हणजे वडील किंवा आई हयात असतानाच वारसाला परवाना मिळू शकतो. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर तो कायदेशीर वारस सुचवू शकतो. तुमच्याकडे दोघेही बसतात. भावंडं असतील तर त्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं आत्ताच करून ठेवा. निधनानंतर हेच काम वारस दाखल्यापासून सुरू होतं, आणि तोवर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावं लागतं.

अर्ज नमुना ए-१ मध्ये. सोबत ओळख आणि पत्त्याचे पुरावे, नमुना एस-३ मधला वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र बहुतेकांच्या लक्षात शेवटी येतं आणि फाइल तिथेच थांबते.

अर्ज करण्याआधी एक काम करा. प्रत्येक हत्यार हातात घेऊन त्यावर कोरलेला नंबर परवान्यावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. जुन्या हस्तलिखित परवान्यांवरून संगणकात नोंदी करताना ३ चा ८ झालेला, ‘बी’ अक्षराच्या जागी ८ चढलेला, नळीचा नंबर सोडून दस्त्याच्या पत्र्यावरचा नंबर घेतलेला, असं सगळं सापडतं. ही चूक आईवडिलांच्या नावावर असतानाच दुरुस्त करून घ्या. हस्तांतरात ती निघाली तर ‘परवान्यावरचं शस्त्र कुठे आहे’ असा प्रश्न उभा राहतो.

आता पत्ता. ठाणे शहरात परवाना देणारे ठाण्याचे पोलीस आयुक्त, खारघर नवी मुंबई आयुक्तालयात, माणगावची बंदूक रायगड जिल्हाधिकाऱ्यांकडे. तीन वेगळी दप्तरं आहेत ही. अर्ज ठाण्यातून केला आणि मध्येच घर बदललं, तर पडताळणीचा हवालदार नौपाड्यात जातो, ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा मारतो आणि फाइल परत. एकतर ठाण्यातलं सगळं संपवून हला, नाहीतर हलल्यावर खारघरच्या पत्त्याने नव्याने सुरुवात करा. राहण्याची जागा बदलली की ३० दिवसांत नव्या परवाना अधिकाऱ्याला कळवायचं असतं, ते आईवडिलांनाही लागू आहे.

दुनळीवाला

वर कायद्याचं आलंय, मी लोखंडाचं बोलतो. काय ठेवायचं हे ठरवताना किंमत आणि नक्षीकाम बाजूला ठेवा. काडतूस जवळच्या दुकानात नेहमी मिळतं का? बिघडली तर दुरुस्त करणारा आहे का? आणि सुटलेली गोळी कुठे थांबते? या तिन्हीत नापास होणारं हत्यार कितीही देखणं असलं तरी फ्लॅटमध्ये नुसतं ओझं आहे.

म्हणून .३१५ पहिल्यांदा काढा. ती वाईट रायफल नाही. पाच गोळ्यांची, बोल्टची (मागचा दांडा सरकवून गोळी भरायची), दणकट आहे. पण तिची गोळी किलोमीटरच्या पुढे जाते आणि विटांच्या भिंतीचं तिला फारसं काही वाटत नाही. घोडबंदर असो की खारघर, चहूबाजूंनी वस्ती आहे. विकताना बोल्टवरचा नंबर आणि रायफलीचा नंबर एकच आहे ना बघा. दुरुस्तीत बोल्ट बदललेल्या रायफली फिरत असतात. बोल्ट दुसरीचा असेल तर काडतुसामागची जागा कमीजास्त होते, काडतुसाची पुंगळी (बाहेरचं कवच) फाटते आणि गॅस मागे तोंडावर येतो. नंबर जुळत नसतील तर विक्रेत्याला आधीच सांगा.

आता खरा प्रश्न दुनळीचा. १९३० ची विलायती म्हटल्यावर लगेच ‘ठेवा’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. आधी ती तपासा.

बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करा. पुढचा लाकडी भाग काढा, नळ्या सोडवा आणि उलट्या करा. मागच्या सपाट भागावर शिक्के असतात. ‘नायट्रो प्रूफ’ असा शिक्का असेल तर ती आजच्या धूररहित दारूसाठी तपासलेली आहे. नसेल, किंवा नळीवर पाण्याच्या लाटांसारखी वळ्यावळ्यांची नक्षी दिसत असेल, तर ती पिळाची, म्हणजे दमास्कस नळी असू शकते. ती काळ्या दारूच्या जमान्यातली. अशी बंदूक चालवायची नाही, विषय संपला. ‘नॉट फॉर बॉल’ लिहिलं असेल तर नळी तोंडाशी आवळलेली आहे, तिच्यातून एकगोळी काडतूस उडवू नका.

दुसरं, काडतूसघराची लांबी. त्या काळच्या बहुतेक विलायती १२ बोअर अडीच इंची, म्हणजे ६५ मिमीच्या आहेत. दुकानात सर्रास मिळणारं काडतूस ७० मिमीचं. गंमत अशी की ७० मिमीचं न उडवलेलं काडतूस ६५ मिमीच्या घरात आरामात बसतं, कारण त्याचं तोंड आत दुमडलेलं असतं. ७० हा आकडा उडवल्यानंतरच्या उघड्या पुंगळीचा आहे. ते तोंड उघडायला पुढे जागा नसते, छर्‍यांची वाट अरुंद होते, दाब वाढतो. ‘बसतंय ना, मग चालतंय’ म्हणत वर्षानुवर्षं हेच केलं की बिजागरी सैल होते.

तो सैलपणा असा बघा. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या पुन्हा जोडा, बंद करा, दस्त्याच्या मुठीला धरून हलवा. खट्‌खट् जाणवलं किंवा उजेडासमोर धरल्यावर नळीच्या मागे फट दिसली तर बिजागरीची खीळ झिजलेली आहे. चांगला कारागीर ती बदलतो. वाईट कारागीर पत्र्याची चकती घालतो किंवा घणाने ठोकून देतो. ते दोन महिनेसुद्धा टिकत नाही.

शेवटचं, नळ्या त्यांच्या खालच्या हुकाला दोरी बांधून लटकवा आणि लाकडी पळीच्या दांड्याने हलकेच टिचकी द्या. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी पक्की आहे. बद्द किंवा झणझण आवाज आला तर झाळकाम सुटलंय, आत पाणी शिरून गंज चाललेला असणार.

या सगळ्यातून पास झाली आणि ६५ मिमीची काडतुसं तुमचा विक्रेता नियमित देतो असं त्याने सांगितलं, तर ठेवा. नाहीतर आईची देशी एकनळी ठेवा. तीत बिघडायला फार काही नाही: एक घोडा, एक खीळ, एक स्प्रिंग. देशी बनावटीला खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं ७० मिमी काडतूस चालतं, तरी नळीवरचा आकडा वाचून घ्या.

कळव्याचा_कारागीर

दुनळीवाल्यांशी सहमत, एक भर. आघाताची खीळ (काडतुसावर आपटून ते पेटवणारी) घासून टोकदार झाली असेल तर ती काडतुसाच्या बुडाच्या टोपीला भोक पाडते आणि गॅस मागे येतो. टोक गोलसर हवं. आणि रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून ‘टक्’ करत बसू नका, जुन्या विलायतीच्या खिळा त्यानेच तुटतात. बंदूक ठेवताना स्प्रिंग मोकळी करायची असेल तर डमी काडतूस वापरा.

ऐरोलीकर

रिव्हॉल्व्हरबद्दल कोणीच बोललं नाही. स्वसंरक्षणाला घरात लांब नळीपेक्षा तेच सोयीचं नाही का? आणि विकायला गेलं तर बारा बोअरला गिऱ्हाईक मिळत नाही, .३२ ला मिळतं.

परवाना_फाइल

गिऱ्हाइकाचं खरं आहे. २०१९ नंतर एकदमच भरपूर बारा बोअर बाजारात आल्या, तेव्हापासून त्यांचे भाव उठलेले नाहीत. विलायती .३२ ला मागणी टिकून आहे, कारण आयात बंद आहे. पण ‘विकलं तर पैसे येतील’ हे ठेवण्याचं कारण होत नाही, विकण्याचं होतं.

दुनळीवाला

ठेवायचं असेल तर आधी हे तपासा. कानपूरचं .३२ वरून मोडून उघडणारं आहे. रिकामं केलं की नळी आणि मूठ दोन हातांत धरून बिजागरीशी वाकवायचा प्रयत्न करा. वरचा खटका हलत असेल तर झीज आहे. मग घोडा अगदी हळू मागे ओढा. घोडा अडकायच्या आधी चक्री आपल्या जागी कुलूपबंद झालेली हवी. सहाही घरांना हे करा. एकही घर उशिरा बसत असेल तर गोळी नळीच्या तोंडाला घासून जाते, शिशाचे तुकडे बाजूने उडतात. चक्री आणि नळीमधली फट गॅरेजवाल्याच्या फीलर गेजने मोजता येते, ०.१० ते ०.२५ मिमी ठीक. रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी हळूहळू मोडली की एखादी पुंगळी त्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली सरकते आणि सगळं अडकतं. जमिनीकडे नाही, वर तोंड करून एका दमात उघडा.

आणि काडतूस. .३२ रिव्हॉल्व्हरचं आणि .३२ पिस्तुलाचं (७.६५ मिमी) वेगळं आहे. पिस्तुलाचं रिव्हॉल्व्हरच्या घरात बसतंही, तिथेच घात होतो, त्याचा दाब जास्त असतो. डब्यावरचं नाव वाचून घ्या, ‘बत्तीसची द्या’ एवढ्यावर भागवू नका.

माझं मत तरीही काढा असंच. आखूड नळीचं हत्यार सरावाशिवाय निरुपयोगी असतं, आणि सराव होत नसेल तर ते कपाटात बसून धोका वाढवतं. खाडीकिनारींनी शिकार नाही म्हटलंय, विशिष्ट धोका असल्याचंही म्हटलेलं नाही.

रेंजवरचा

मी तर बारा बोअरही काढा म्हणेन. नेमबाजीची हौस असेल तर केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबचे सभासद व्हा. सभासदाने निशाणेबाजीच्या सरावासाठी वापरलेली .२२ रायफल आणि एअर रायफल दोनच्या मर्यादेत धरली जात नाही. रायफल क्लबची, देखभाल क्लबची. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, ठाण्याहून ती लांब वाटत असेल तर १० मीटर एअर रायफलवर सुरुवात करा.

घरातल्या दोन एअर रायफलींपैकी एक ठेवा. ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीचीच बिनपरवाना चालते. स्प्रिंग बदलून ‘पॉवर वाढवलेली’ असेल तर ती या रेषेच्या पलीकडे गेलेली असू शकते, तीच आधी काढा. उरलेलीचं तपासणं सोपं आहे. ताणताना करकर आवाज आला तर स्प्रिंग कोरडी किंवा वाकडी. गोळी कमी जोरात सुटत असेल तर पिस्टनचं चामडं वाळलंय किंवा नळीच्या सांध्याचं सील गेलंय. दोन्ही स्वस्त दुरुस्त्या आहेत. हवेच्या भोकातून तेल ओतू नका. दाबाखाली ते पेट घेतं, धूर येतो, बंदुकीसारखा आवाज होतो आणि सील जळतं. गोळी न घालता चाप ओढला तर पिस्टन थेट आपटतो. ताणून ठेवून विसरलात तर स्प्रिंग कायमची बसते.

फ्लॅटमध्ये गोळी अडवायला चिंध्यांनी गच्च भरलेला खोका आणि मागे ३ मिमी पत्रा पुरे. बाल्कनीतून कबुतरांवर मात्र नाही. वन्यजीव कायदा एकीकडे, आणि सोसायटीतून फोन गेला की पोलिसांना एअर रायफल आणि खरी रायफल लांबून सारखीच दिसते.

माणगावकर

ठासणीचं बघा. शेतीसंरक्षणाचा परवाना त्या शेतीपुरता असतो, ती उचलून खारघरच्या दिवाणखान्यात टांगता येत नाही. चुलते शेती बघत असतील तर तिथेच राहू द्या. रानडुकराच्या नावाखाली परवाना असला तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, हे गावात कोणी सांगत नाही.

महत्त्वाचं म्हणजे जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्याच सापडतात. कानावरची (नळीच्या मागच्या टोकाला बत्ती लागते त्या बोंडावरची) टोपी असेल तर प्रथम काढा. मग गज नळीत शेवटपर्यंत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढून नळीच्या बाजूला लावा. गज कानापर्यंत पोचत नसेल तर आत बार (दारू आणि गोळी) ठासलेला आहे. ओला झाला असेल म्हणून निवांत राहू नका, काळी दारू वाळली की पुन्हा पेटते. उडवून मोकळी करू नका, खरवडू नका. विक्रेत्याच्या कारागिराकडे, तोंड माणसांपासून दूर ठेवून.

कोणी सल्ला देईल की नळी कापून भिंतीवर लावा. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

खाडीकिनारी

मनापासून आभार. दुनळीच्या सपाटावर ‘नायट्रो प्रूफ’ आहे, काडतूसघर अडीच इंचांचं. बाबांना तीच ठेवावी असं वाटतंय. पावसाळ्याचं काय? खारघरला डोंगराचा पाऊस आणि खाडीची दमट हवा दोन्ही आहे.

तेलपट्टी

दुनळीचं ६५ मिमीचं काडतूस विक्रेता देत असेल तर तीच ठेवा, पण ठेवण्याची पद्धत बदला.

चामड्याची किंवा फोमची पेटी ही गंज पाडायची सर्वांत खात्रीशीर जागा. चामडं कमावण्यातली रसायनं आणि फोमातला ओलावा मिळून नळीवर पुरळ उठवतात. पेटी फक्त नेण्याआणण्याला. घरात कुलपाच्या लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला नाही तर आतल्या भिंतीला टेकून, नळी खाली आणि दस्ता वर. नळी वर ठेवली की तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड काळं पडून मऊ होतं आणि यंत्रणेला धरून ठेवणारे स्क्रू ढिले होतात. जुन्या विलायतींचे दस्ते जे मानेशी तडकतात त्याचं एक कारण हेच.

सिलिका जेल निळं घ्या. गुलाबी झालं की १२० अंशांच्या आसपास भाजून पुन्हा निळं करायचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्याला एक नजर, पंधरवड्याला एकदा पुसणं. पुसताना बोटांचे ठसे राहिले तर घामाचा गंज तिसऱ्या दिवशी दिसतो, म्हणून तेलाची चिंधी हाच शेवटचा हात. तेल थोडं: बंदुकीचं तेल किंवा शिलाई मशीनचं, बोटाला जेमतेम लागेल इतकं. फवाऱ्याचं पाणी हटवणारं तेल टिकाऊ थर देत नाही, उडून जातं आणि मागे चिकट पातळ पापुद्रा उरतो. दस्त्याला अळशीचं तेल दोन थेंब तळहातावर घेऊन चोळा, जास्त लावलंत तर पावसात चिकचिकेल. लांब मुदतीला ग्रीस चालेल, पण चालवण्याआधी नळीतून पूर्ण काढलंच पाहिजे. घट्ट ग्रीसचा गोळा नळीत अडथळाच असतो.

जुन्या साठ्यातली काडतुसं उडवली असतील तर तेलाने भागत नाही. जुन्या टोप्यांमधलं मीठ तेलात विरघळत नाही. आधी कढत पाणी नळीतून, मग कोरडं, मग तेल. कागदी पुंगळीची काडतुसं पावसाळ्यात फुगतात आणि घरात अडकतात, ती ठेवूच नका.

अवांतर: खंडेनवमीच्या पूजेला नळीत अक्षता जातात, हळदकुंकू सांध्यांत बसतं, झेंडूचं पाणी नळीच्या निळाईवर (निळसर मुलाम्यावर) डाग पाडतं. नळीच्या तोंडाला कापडाचा बोळा लावा, पूजा उरकल्यावर त्याच संध्याकाळी पुसून बोळा काढा. काढा हे दोनदा लिहायला हवं.

ऐरोलीकर

+१. आमच्याकडचे डाग आत्ता कळले कशाचे ते.

खाडीकिनारी

म्हणजे ठरलं: दुनळी माझ्या नावावर, एक एअर रायफल, बाकी रायफल, रिव्हॉल्व्हर आणि एकनळी काढायची. काढण्याचा नेमका क्रम?

परवाना_फाइल

दोन रस्ते. परवानाधारक विक्रेत्याला विकणं सोपं, भाव कमी. खासगी परवानाधारकाला विकायचं तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, त्यात घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि ४५ दिवस उलटल्याशिवाय हत्यार हातात द्यायचं नाही. घेणाऱ्याचा परवाना त्याच प्रकारच्या शस्त्राचा आणि खरेदीची मुदत चालू असलेला हवा. आयुक्तालयाच्या हद्दीत हे पत्र परवाना शाखेतही द्या आणि पोच घ्या.

हत्यार गेलं म्हणजे काम संपलं असं नाही. परवान्यावरून ते कमी झाल्याची नोंद आणि ऑनलाइन नोंदीतलं यूआयएनखालचं (परवानाधारकाच्या ओळख क्रमांकाखालचं) शस्त्र वगळलं गेल्याची खात्री, ही दोन्ही हातात आल्याशिवाय मूळ परवाना फाइलबंद करू नका. नाहीतर निवडणुकीची आचारसंहिता लागली की ‘शस्त्र जमा करा’ अशी नोटीस विकलेल्या हत्याराची येते.

आणि काडतुसं! रायफल गेली पण तिची अर्धी पेटी माळ्यावर राहिली, हे फार घडतं. परवान्यावर नसलेल्या बोअरची काडतुसं जवळ असणं हाही गुन्हाच. घर हलवण्याआधी माळा, देवघराखालचा कप्पा, वडिलांच्या जुन्या प्रवासी बॅगा, जॅकेटचे खिसे बघा. खाडीत, कचऱ्यात, भंगारात काहीही टाकू नका.

कळव्याचा_कारागीर

विक्रेत्याकडे जमा करताना काडतुसं समोर मोजा, बोअरप्रमाणे वेगळी. पावतीवर आकडा अंकी आणि अक्षरी लिहून घ्या. ‘जुनी काडतुसे एक डबा’ अशी पावती घेऊ नका. हिरवट झालेली, फुगलेली, टोपी बाहेर आलेली वेगळ्या डब्यात द्या आणि तसं तोंडाने सांगा. हत्याराच्या पावतीवर नंबराबरोबर अवस्थाही लिहून घ्या: ‘नळी आतून स्वच्छ, दस्ता अखंड’. हीच सवय निवडणुकीत ठाण्यात जमा करतानाही ठेवा, परत आल्यावर गंज नवा की जुना हा वाद होत नाही.